एकतीस नंबरची जागा

माझं काम मेलेल्या माणसांचं आहे, पण त्यातलं बरंचसं टेबलावर होतं. हे आधीच सांगते, कारण चेन्नईतल्या आपल्या मराठी मंडळींच्या घरी कुणी विचारलं, 'तुम्ही काय करता?' आणि मी खरं उत्तर दिलं, की समोरची बाई चहाचा कप जरा लांबच ठेवते. या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी कप लांब ठेवला नाही, उलट लेख मागितला. 'सणाचा अंक आहे, फार भीतीदायक नको,' एवढीच अट घातली. प्रयत्न करते.

मैलापुरात रेल्वे स्टेशनच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. चार-पाच चर्चेसनी मिळून चालवलेली लहानशी संस्था. आम्ही बेवारस माणसांना पुरतो. रस्त्यावर, स्टेशनात, मरीनाच्या वाळूत कुणी मेलेलं सापडलं की पोलीस सरकारी शवागारात पोचवतात, शवविच्छेदन होतं, नातेवाइकांची वाट बघतात. कुणी आलं नाही की आम्हाला पत्र मिळतं. मग गाडी, शवपेटी, खड्डा, प्रार्थना, आणि शेवटी पोलिसांना परत द्यायचे कागद. नवऱ्याला इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी नगरहून आले. घरी बसून कंटाळा आला तेव्हा चर्चमध्ये कुणीतरी म्हणालं, 'दोन महिने यांच्या फायली लावून द्या.' त्याला आता तेरा वर्षं झाली.

आमच्याकडे दोन वह्या असतात. ज्याच्या अंगावर ख्रिस्ती खूण सापडते त्याला आम्ही आमच्या दफनभूमीत पुरतो, तो पहिल्या वहीत. ज्याच्या अंगावर सापडत नाही त्याला महापालिकेच्या विद्युतदाहिनीत नेतो, तो दुसऱ्या वहीत. मुसलमान असेल तर त्यांची वेगळी संस्था आहे, तिला फोन करायचा. हे सगळं शवागारात उभ्याउभ्या ठरवावं लागतं, म्हणून मी एक यादी केली आहे: गळ्यातला क्रूस, जपमाळ, गोंदण, खिशातला कागद, अंगठी, कमरेचा करदोटा, कपाळावरची खूण. सात ओळींत माणसाचा देव ठरतो.

यादी चुकत नाही असं नाही. एकदा एका म्हाताऱ्याच्या गळ्यात तीन जपमाळा होत्या. इतका भाविक माणूस बेवारस कसा मेला म्हणून मला भरून आलं. पुरल्यावर महिन्याभराने त्याचा पुतण्या आला. काका देवळांसमोर फुलं विकायचे आणि डिसेंबरात चर्चच्या दारात जपमाळा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक बाई येते आणि आमचा फोटोंचा अल्बम मागते. प्रत्येक वेळी ती वेगळ्याच फोटोवर बोट ठेवते आणि म्हणते, 'हे माझे यजमान.' पहिल्यांदा मी कागद काढायला धावले होते. आता चहा मागवते. निवडणुकीच्या आधी एक उमेदवार फोटोग्राफर घेऊन दफनभूमीत आले होते. हार घालायचा होता. त्यांनी मला हळूच विचारलं, 'यातले आपल्या वॉर्डातले किती?' मी म्हटलं, 'यांना वॉर्ड असता तर हे इथे आले नसते.' हार त्यांनी घातला. ज्या कबरीपाशी उजेड चांगला होता तिथे.

ज्याचं नाव कळत नाही त्याला आम्ही बायबलमधलं एक नाव देतो. प्रार्थनेत 'अनोळखी पुरुष, अंदाजे पंचावन्न' असं म्हणता येत नाही. नावं मी ओळीने देते, म्हणजे आवडनिवड होत नाही. एका वर्षाची माणसं एका रांगेत; आमचं वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर. दोन कबरींमध्ये अडीच फूट. प्रत्येकीवर मातीचा उंचवटा, लाकडी क्रूस आणि पत्र्याची पाटी, नंबर आणि नाव. हे अंतर मी ठरवलं आहे आणि पळनी पाळतो. पळनी आमचा खड्डे खणणारा, साठीचा, हिंदू, माझ्यापेक्षा जुना. तो म्हणतो, 'अम्मा, माझंही नाव तुमच्या यादीत घालून ठेवा, पण बाजूला ठळक हिंदू लिहा. नाहीतर माझी बायको तुम्हालाच एखाद्या खड्ड्यात ढकलेल.'

आता मूळ गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात तिरुवल्लिकेणीच्या एका बसथांब्यावर एक माणूस बसल्या जागी मेलेला सापडला. उजव्या हातावर क्रूस गोंदलेला. कमरेला काळा करदोटा आणि त्यात तांब्याचा ताईत. ताईत पाहून मी क्षणभर थांबले. पण ताईत इथे कुणीही बांधतं, आणि माझ्या फॉर्मात खुणेसाठी एकच चौकट आहे. मी 'गोंदण, क्रूस' लिहिलं, ताईत सोडून दिला. रांगेत त्याचा नंबर एकतीस आला आणि नावांच्या ओळीत योसेफ.

दोन नोव्हेंबरला इथे कबरींचा सण असतो. सकाळपासून लोक आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. आमच्या माणसांना कुणी नाही, म्हणून मी एक पद्धत सुरू केली. संध्याकाळी दिवेलागणीला आमचे स्वयंसेवक येतात, त्या वर्षीच्या प्रत्येक कबरीपाशी एकेक जण मेणबत्ती घेऊन उभा राहतो. मी रांगेच्या टोकाला उभी राहून नंबर आणि नाव वाचते. त्या कबरीपाशी उभा असलेला तमिळमध्ये उत्तर देतो, 'इरुक्कार.' म्हणजे 'आहेत.' लोकांना ते फार हृद्य वाटतं. खरं सांगायचं तर माझ्यासाठी ती वर्षातून एकदाची पडताळणी असते. पाटी पडली आहे का, नंबर चुकलाय का, सगळं तेव्हाच कळतं.

त्या वर्षी चाळीस कबरी होत्या आणि माणसं आली एकोणचाळीस. एकतीसपाशी उभ्या राहणाऱ्या कॉलेजच्या बाईंचा मुलगा आजारी होता. मी ठरवलं की तिथलं उत्तर मीच देईन. आभाळ भरलेलं होतं, वारा अजिबात नव्हता, मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या. मी वाचत गेले. एकोणतीस, इरुक्कार. तीस, इरुक्कार.

'एकतीस. योसेफ.'

मी तोंड उघडायच्या आत उत्तर आलं. 'इल्लै.' नाहीत.

पुरुषाचा आवाज. दार वाजवून कुणी पत्ता विचारावा आणि आतल्याने न उठताच सांगावं, तसा. रागाचा नाही, दुःखाचा नाही. एकतीसपाशी कुणी नव्हतं. तीस आणि बत्तीस या दोन्ही जागांवर बायका होत्या, आणि दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

आमचे संचालक पास्टर ज्ञानराज माझ्या शेजारी उभे होते. ते मोठ्याने म्हणाले, 'कोण थट्टा करतंय? प्रार्थनेची जागा आहे ही.' मी 'बत्तीस' वाचलं.

नंतर पळनी फावडं धूत होता. मी विचारलं, 'ऐकलंस?'

'ऐकलं की.'

'मग?'

'मग काय अम्मा. तुम्ही योसेफला हाक मारली. तिथे योसेफ नसेल. खरं तेच बोलला बिचारा.'

डिसेंबरच्या सुरुवातीला एक बाई पोलिसांची चिठ्ठी घेऊन ऑफिसात आली. पन्नाशीच्या आतली, काटक, केसांत एकही फूल नाही. नाव काणिक्कै. तिचा नवरा तिरुवल्लिकेणीच्या एका खाणावळीत भांडी घासायचा, तिथेच माळ्यावर झोपायचा. फोन लागेना म्हणून ती दक्षिणेकडच्या तिच्या गावाहून आली, खाणावळवाल्याने पोलिसांकडे पाठवलं, पोलिसांनी फोटो दाखवला. मी अल्बम काढला. तिने एकाच फोटोवर बोट ठेवलं आणि ते उचललं नाही.

'तुमच्या घरचं कुणी दोन नोव्हेंबरला दफनभूमीत आलं होतं का?' मी विचारलं.

'कोण येणार? मीच चेन्नईत पाऊल टाकलंय ते परवा.'

मी तिला दफनभूमीत नेलं. पाटीवरचं 'योसेफ' तिने वाचलं आणि ती कबरीपाशी उकिडवी बसली. रडेल असं मला वाटलं होतं. ती जमिनीला बोलायलाच लागली. 'न सांगता गेलात ते गेलात. वर दुसऱ्याच्या नावाखाली झोपलात? लाज नाही वाटली? घरी दोन नावं होती ती पुरली नाहीत, तिसरं हवं होतं?'

दोन नावांचं मला समजावून सांगावं लागलं नाही, पण तुम्हाला सांगते. चर्चमध्ये तो आरोक्यदास होता. बाप्तिस्मा झालेला, आजोबांपासून ख्रिस्ती. कागदावर तो मुरुगेसन होता, अनुसूचित जातीचा हिंदू. कायदा असा आहे की दलित माणूस हिंदू, शीख किंवा बौद्ध असेल तोवर तो अनुसूचित जातीत मोजला जातो. ख्रिस्ती झाला की नाही. म्हणजे चर्चमध्ये गेल्यावर तो सगळ्यांच्या बरोबरीचा झाला असं सरकारने धरलेलं आहे. काणिक्कैच्या गावात चर्चच्या दफनभूमीच्या मधोमध एक भिंत आहे. अलीकडे वरच्या जातीचे ख्रिस्ती, पलीकडे हे. तिच्या सासऱ्याला भिंतीपलीकडे पुरलं. ख्रिस्ती झालेल्याची जात सरकारी कचेरी विसरते आणि चर्च विसरत नाही. उलटं झालं असतं तर त्यांचं बरं चाललं असतं.

काणिक्कैला नवऱ्याचं प्रेत परत नको होतं. तिला काय हवं होतं ते ती गावी जाऊन तीन आठवड्यांनी पुन्हा ऑफिसात आली तेव्हा तिने सांगितलं. मुलगी जीवा बारावीला होती. हुशार. सरकारी कॉलेजात नर्सिंगला जाणार होती, अनुसूचित जातीच्या जागेवर. लहानपणापासून प्रमाणपत्र होतं. पण तालुक्याच्या कचेरीत एक निनावी पत्र गेलं होतं. हे कुटुंब ख्रिस्ती आहे, बाप चेन्नईत क्रूसाखाली पुरलाय, जाऊन बघा.

'कुणी लिहिलं?'

'आमच्याच चर्चमधल्या कुणीतरी. भिंतीच्या अलीकडच्या. मी हिंदू शेजारणीला यांच्या मरणाचं अजून नीट सांगितलंही नाही, फक्त गावच्या पास्टरांना प्रार्थनेसाठी सांगितलं होतं.'

चौकशी होणार होती. प्रमाणपत्र गेलं तर जागा गेली. जागा गेली तर जीवा सूतगिरणीत जाणार होती, जशी तिची थोरली बहीण गेली होती. तीन वर्षं गिरणीच्या आवारातच राहायचं. ती बहीण खोकत परत आली होती.

'तुमच्या वहीतून त्यांना काढा अक्का,' काणिक्कै म्हणाली. 'क्रूस पण काढा.'

'ते ख्रिस्ती होते ना?'

'होते. रोज संध्याकाळी गुडघे टेकायचे. पण ते मेलेत. त्यांना आता कुठल्या जागेसाठी अर्ज करायचा नाहीये. तिला करायचाय.'

मी तिला दोन दिवसांनी यायला सांगितलं. अकरा वर्षांत माझ्या वहीत एक खाडाखोड नाही. दहा आज्ञांतली नववी, 'खोटी साक्ष देऊ नको', मला तिसरीपासून पाठ आहे. पण घरी, अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये भाजी निवडताना मला माझा दादाच आठवत राहिला. आम्हीही दलित ख्रिस्ती; आमच्या वडिलांनी शाळेच्या दाखल्यावर आमचा धर्म ठळक अक्षरांत ख्रिस्ती लिहिला. धाकट्या काकांनी लिहिला नाही. काकांची दोन्ही मुलं सरकारी अधिकारी झाली, दादा टेंपो चालवत राहिला. नाताळला दोन्ही घरं चर्चमध्ये एकाच बाकावर बसायची. वडील त्याबद्दल कधी बोलले नाहीत. दादा एकदाच म्हणाला, 'अण्णांनी स्वर्गात जागा धरली, माझी कॉलेजातली गेली.' मी तेव्हा त्याच्याशी भांडले होते. दादा गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी मी पास्टर ज्ञानराजांच्या खोलीत गेले आणि काणिक्कैची सगळी हकीकत सांगितली.

'ऐया, वहीत खोटं लिहू का?'

ते चष्मा पुसत होते. 'शैलाक्का, तुम्ही मला हे विचारलंच नाहीत.'

'आत्ताच विचारलं की.'

'मग मी ऐकलं नाही. अकरा वर्षांत मी तुमच्या वहीत कधी डोकावलोय?'

'म्हणजे लिहू?'

त्यांनी चष्मा घातला. 'दर रविवारी मी वेदीवरून सांगतो की गरिबांच्या बाजूने उभे राहा. सगळे मान डोलावतात. दफनभूमीतल्या अशा भिंती पाडा असं एकदा सांगितलं, तर सहा महिने लोक माझ्याशी बोलले नाहीत. चर्चमध्ये सगळे बरोबरीचे, हे खोटं आपण बोलत आलोय, सरकार तेच खोटं खरं मानतंय, आणि त्या मुलीला सांगायचं की तू तरी खरं बोल?' मग ते एकदम थांबले. 'पण मी काही सांगितलं नाही हं तुम्हाला.'

मी ठरवलं. आणि इथेच माझी चूक झाली. पळनी म्हणत होता की क्रूस काढा, पाटीवर मुरुगेसन लिहा, बास. तेवढ्याने कदाचित भागलं असतं. पण मला अर्धवट काम जमत नाही.

मी सगळं पद्धतशीर केलं. पहिल्या वहीतलं ते वर्ष नव्या वहीत पुन्हा उतरवलं, एकतीस नंबर वगळून. बत्तीसचा एकतीस झाला, तेहतीसचा बत्तीस, असं शेवटपर्यंत. दुसऱ्या वहीत, दहनाच्या, मी प्रत्येक महिन्यानंतर एक ओळ कोरी सोडते, उशिरा आलेली नोंद करायला. सप्टेंबरच्या कोऱ्या ओळीत लिहिलं: मुरुगेसन, हिंदू, दहन. पळनीने क्रूस काढला, उंचवटा सपाट केला, पुढच्या सगळ्या पाट्या नव्याने रंगवल्या.

वही उतरवायला चार दुपारी लागल्या. पहिल्यांदा पूर्ण झाल्यावर मी नावं मोजली. चाळीस. एकोणचाळीस यायला हवी होती. पुन्हा मोजली, चाळीसच. मग पानावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. तीसच्या खाली माझ्याच अक्षरात होतं: 'एकतीस. योसेफ.' सवयीने हात लिहून जातो, असं म्हणून मी ते पान फाडलं आणि पुन्हा लिहिलं. मोजली. चाळीस. या वेळी नंबर तोच होता, नाव वेगळं होतं. 'एकतीस. आरोक्यदास.' हे नाव मी तोपर्यंत कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या वेळी मी ऑफिसच्या झाडूवालीला शेजारी बसवलं आणि प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत लिहिली. एकोणचाळीस आली. झाडूवाली म्हणाली, 'अक्का, एवढा घाम कशाला? पंखा आहे की.'

फेब्रुवारीत चौकशी आली. तिकडच्या तहसीलदाराच्या पत्रावरून इथल्या कचेरीतला एक निरीक्षक आला. शांत, सावळा, हातात प्लास्टिकची फाइल.

'मुरुगेसन. तुमच्याकडे पुरलाय म्हणे.'

'आमच्याकडे आले होते. दहन केलं.' मी दुसरी वही उघडून ठेवली.

त्याने ती ओळ बराच वेळ वाचली. मग पहिली वही मागितली, ते वर्ष वरपासून खालपर्यंत वाचलं. 'जागा बघू.'

दफनभूमीत तो रांगेच्या कडेने चालत गेला, बोटाने हवेत पाट्या मोजत. तीसपाशी थांबला. तीस आणि नव्या एकतीसमध्ये जवळजवळ आठ फुटांचं अंतर होतं. एवढ्या पद्धतशीरपणात हे एकच झाकता आलं नव्हतं.

'इथे जागा का सुटलीये?'

पळनी मागून म्हणाला, 'खालून पाण्याचा पाइप गेलाय सार. गेल्या वेळी खणला तर माझ्यावर कारंजं उडालं.'

निरीक्षक त्या सपाट जागेच्या मधोमध उभा राहिला. बुटाच्या टाचेने माती दाबून पाहिली. माझ्याकडे न बघताच म्हणाला, 'दहन केल्यावर राखेचं काय करता?'

'कुणी न्यायला आलं नाही तर समुद्रात सोडतो.'

'म्हणजे शोधायला काही उरत नाही.'

'नाही.'

'बरं,' असं म्हणून त्याने फाइल उघडली आणि तिथेच उभ्याउभ्या अहवालावर सही केली.

प्रमाणपत्र टिकलं. जीवाला जागा मिळाली. काणिक्कैचा फोन आला तेव्हा ती बोलत कमी आणि हसत जास्त होती. मी फोन ठेवून रडले. खोटं लिहिल्याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही, आणि आजही मी ते पुन्हा लिहीन, असंच सांगेन. पण पुढचंही सांगायला हवं.

त्या वर्षीच्या दोन नोव्हेंबरला सकाळी जीवा एकटीच आली. उंच, बापासारखं कपाळ. हॉस्टेलमधून परवानगी काढून आली होती. पिशवीत झेंडूची फुलं आणि एक मेणबत्ती. 'अम्माने सांगितलंय की क्रूस नसेल. पण जागा तुम्ही दाखवाल.'

'चल,' मी म्हटलं. मला वाकून पाट्या वाचाव्या लागत नाहीत. मी रांगेच्या सुरुवातीपासून चालत गेले. एकोणतीस. तीस. एकतीस.

मी पुढे गेले आणि मागे आले. तीस. एकतीस. मध्ये इतर सगळ्यांच्या मध्ये असते तेवढीच जागा होती.

पळनीला हाक मारली. त्याने शपथ घेतली की त्याने काही हलवलेलं नाही. हलवणार तरी कसं? पुढच्या नऊ कबरी सरकवाव्या लागल्या असत्या. तो स्वतःच तीसपासून शेवटपर्यंत दोनदा चालून आला आणि मग डोकं खाजवत दूर जाऊन बसला. पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही.

मी कपाटातली टेप आणली. जीवाने एक टोक तीसच्या पाटीखाली धरलं, मी दुसरं ओढलं. कबरीची रुंदी वजा केली. अडीच फूट.

'पुन्हा मोजा,' ती म्हणाली.

पुन्हा मोजलं. मग एकोणतीस आणि तीसच्या मध्ये मोजलं, अडीच फूट. एकतीस आणि बत्तीसच्या मध्ये, अडीच फूट. भिंतीपासून रांगेची पूर्ण लांबी मोजली. जेवढ्या कबरी वहीत होत्या, बरोबर तेवढ्यांची जागा होती. एका इंचाची चूक नाही. आजूबाजूला लोक कबरी धूत होते, बादल्या वाजत होत्या, कुणाचं तरी लहान मूल फुलांच्या पाकळ्या मोजत होतं.

'अक्का,' जीवाने विचारलं, 'अप्पा इथेच आहेत ना?'

हा प्रश्न मला बारा वर्षं लोक विचारत आले होते आणि मी दर वेळी वही उघडून उत्तर दिलं होतं. त्या दिवशी पिशवीत दोन्ही वह्या होत्या. दोन्हींत उत्तर होतं, एकच, माझ्या अक्षरात. मी वही काढली नाही.

'मी त्यांना इथेच पुरलं होतं,' मी म्हटलं. एवढंच मला खात्रीने म्हणता येत होतं.

तिने मान हलवली. फुलं तिने अर्धी तीसवर आणि अर्धी एकतीसवर वाहिली. मग मेणबत्ती पेटवली आणि खाली वाकली, ठेवायला. आधी तीसच्या बाजूला, मग एकतीसच्या. दोन्हीकडे दुसऱ्या कुणाचीतरी जागा होती. ती उठून उभी राहिली, आणि मेणबत्ती संपून बोटांना चटका बसेपर्यंत हातातच धरून राहिली.